शेवटच्या घराची धार

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या नळांच्या पाण्याला खसचा वास येऊ लागला. आधी कुणी तक्रार केली नाही. समोरच्या बाई तर म्हणाल्या, "बरं झालं, माठात वाळ्याची जुडी टाकायचं काम वाचलं." मग त्या वासात शेवाळाचा वास मिसळला. कुणाच्या बादलीत काड्या निघाल्या. लोक माझ्या फाटकाशी येऊन उभे राहू लागले, कारण लेआउटच्या, म्हणजे आमच्या प्लॉटांच्या वसाहतीच्या, पाणी समितीची सचिव मी होते.

सचिव व्हायची माझी काही हौस नव्हती. टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झालेली बाई, एकटी राहते, सकाळी घरी असते, एवढ्या भांडवलावर लोकांनी मला निवडलं. आमचा लेआउट खापरखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला. शहराची पाइपलाइन तेव्हा तिथवर आली नव्हती. लेआउटची स्वतःची विहीर होती, चढावर उंच टाकी होती, आणि टाकीपासून निघालेला पाइप गल्लीच्या उतारानं शेवटच्या घरापर्यंत जात होता. सकाळी पाणी सोडायचं, सगळ्यांचं भरून झालं की टाकीखालचा व्हॉल्व बंद करायचा. एवढीच आमची पाणीपुरवठा योजना.

ती उभी केली होती समितीच्या अध्यक्षांनी. वीज केंद्रात त्यांची सगळी नोकरी बॉयलरच्या विभागात गेली होती. पाइप, प्रेशर, व्हॉल्व हे शब्द त्यांच्या तोंडी घरच्या माणसांच्या नावांसारखे येत. विहीर खणली तेव्हा ते दिवसभर उन्हात उभे राहिले होते, टाकीच्या प्रत्येक थराला त्यांनी स्वतः पाणी मारलं होतं. त्यांचं घर टाकीला लागूनच, गल्लीच्या वरच्या टोकाला. बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर त्यांनी लिंबं, पेरू आणि संत्र्याची दोन झाडं लावली होती आणि त्यांच्यावर त्यांचा जीव होता.

खसच्या वासाचं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले.

"ताई, मे महिन्यात नागपुरात कशाले खसचा वास येत नाही? घरोघरी खसच्या ताट्यायचे कूलर चालून राहिले. नाकात बसते तो वास."

"लोक म्हणतात कूलरचंच पाणी नळात येतं."

"येईन कसं? पाणी वरून खाली येते. टाकी वर, नळ खाली. कूलरचं पाणी काय पायानं चढून पाइपात जाईन?"

तरी त्यांनी टाकी रिकामी करवली, आतून घासून घेतली, विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली. काही दिवस पाण्याला फक्त ब्लीचिंगचा वास आला. नंतर खस परत आला. लोकांना सवय झाली. पिण्याचं पाणी गाळून, उकळून घ्या, असा निरोप मी घरोघर दिला आणि ज्यांना पटलं त्यांनी तसं केलं.

गल्लीच्या अगदी खालच्या टोकाच्या घरात एक तरुण जोडपं भाड्यानं राहत होतं. नवरा मालवाहू टेम्पो चालवायचा, इतवारीच्या बाजारातून धान्याची पोती घेऊन आसपासच्या गावांत पोचवायचा. बायको सावनेरच्या पलीकडल्या एका खेड्यातली. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. अंगानं बारीक, बोलायला मोकळी. तिच्या घरी कूलर नव्हता. दुपारी घर तापलं की ती माझ्याकडे येऊन बसायची, भाजी निवडून द्यायची आणि तिच्या गावच्या गोष्टी सांगायची. मला काकू म्हणायची.

तिच्या घरचा नळ सगळ्यांत खाली, जमिनीलगत खड्ड्यात होता. त्याचा एक फायदा ती मला कौतुकानं सांगायची.

"सगळ्यायचं पाणी बंद झालं ना काकू, तरी आमचा नळ चालूच राहते. करंगळीएवढी धार येते. माझी पिण्याच्या पाण्याची गुंडी मी त्याच धारेवर भरते. शांततेत भरते. कोणाची घाई नाही."

तेव्हा मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. उतारावरच्या पाइपात उरलेलं पाणी शेवटच्या नळातून गळणारच.

ज्या सकाळी हे घडलं त्या सकाळी पाणी नेहमीसारखं येऊन गेलं. मी पोळ्या करत होते. खालून तिच्या नवऱ्याची हाक आली. हाक कसली, तो ओरडतच गल्लीतून वर येत होता. "काकू, चला ना जी, तिले काही तरी झालं!"

मी गेले तेव्हा ती मोरीजवळ भिंतीला टेकून बसली होती. ओकून ओकून थकली होती, तरी तोंडातून लाळ गळत होती, थांबत नव्हती. अंग घामानं भिजलेलं, डोळ्यांतून पाणी. हाताच्या कातडीखाली काही तरी फडफडावं तसे स्नायू उडत होते. मी विचारलं, "काय खाल्लंस?" तिनं मान हलवली. "काहीच नाही. पाणी प्यायली फक्त. घसा कोरडा पडला होता, भरता भरता गिलासभर प्यायली."

समोरच्यांनी गाडी काढली. शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत तिचा श्वास घरघरायला लागला होता. अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांवर बॅटरी मारली, तोंडाजवळ वाकून वास घेतला आणि सरळ विचारलं, "कोणतं औषध प्यायली? बाटली आणली का?"

नवरा म्हणाला, "औषध नाही जी. पाणी प्यायली."

"हे बघा, बाटली असेल तर सांगा. फवारणीचं औषध आहे हे. नाव कळलं तर आम्हाला सोपं जाईल."

"घरात औषधच नाही तर सांगू काय?"

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि कामाला लागल्या. त्यांनी जे केलं ते अचूक केलं, त्यामुळेच ती वाचली. पण त्या नजरेत एक गोष्ट होती, ती पुढे कितीतरी नजरांत मला दिसली. आमच्या भागात 'औषध घेतलं' या शब्दांना दुसरा अर्थ उरलेला नाही. तरुण, नव्यानं लग्न झालेली बाई फवारणीच्या औषधाचा वास येत दवाखान्यात आली, की पुढचं कुणी विचारत नाही, समजून घेतात.

दुपारी हवालदार जबाब घ्यायला आला. तो वाईट माणूस नव्हता. कागद मांडीवर ठेवून त्यानं नवऱ्याला विचारलं, "काल घरात भांडण झालं होतं का?"

नवरा म्हणाला, "झालं होतं थोडं. ती कूलर घ्या म्हणत होती. मी म्हटलं पुढच्या महिन्यात पाहू."

हवालदारानं लिहून घेतलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत गोष्ट तयार झाली होती: कूलरवरून भांडण झालं आणि पोरीनं औषध घेतलं. भांडणाचा आवाज शेजारच्यांनी ऐकलाच होता. आता त्याला शेवट मिळाला. एका शेजारणीनं चांगल्या मनानं तिची मोरी धुऊन काढली, गुंडी पालथी केली, विटाळलेलं पाणी म्हणून ओतून टाकलं. तपासायला काही उरलंच नाही.

रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही तिला इंजेक्शनं देत होते. त्या इंजेक्शनांनी चेहरा लाल झाला होता, आणि गुंगीत ती हवेतले न दिसणारे धागे बोटांनी वेचत होती. मधूनच कुणाला तरी सांगत होती, म्हशीला दाव्याला बांध. मी तिच्याजवळ बसले होते, कारण बायकांच्या वॉर्डात नवऱ्याला फार वेळ बसू देत नव्हते.

तिचे वडील गावाहून आले. कापसाची शेती करणारा उंच, वाळलेला माणूस. हातात कापडी पिशवी. त्यांनी जावयाला काही विचारलं नाही, पण त्याच्या शेजारी बसलेही नाहीत. तिला शुद्ध आली तेव्हा ते खाटेशी उभे राहिले आणि फार हळू आवाजात म्हणाले, "पोरी, खरं सांग. काहून घेतलं? सांगायचं होतं ना मले. मी नेलं असतं तुले घरी."

"बाबा, म्या काही नाही घेतलं."

"बरं."

"बाबा, पाणी प्यायली मी. नळाचं पाणी."

"बरं, बरं. तू आराम कर."

ते बाहेर गेले. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ओठ सुकून फुटले होते. "बाबा बरं म्हणाले, पण त्यायले खरं वाटलं नाही. काकू, तुम्हाले वाटते का?"

नळाच्या पाण्यात फवारणीचं औषध कुठून येणार, हे मला कळत नव्हतं. पण ती माझ्याकडे रोज येऊन बसत होती आणि तिच्या बोलण्यात मी कधी लपवाछपवी पाहिली नव्हती. मी म्हटलं, "मी पाण्याचं पाहते. माझ्याच अखत्यारीतलं आहे ते."

बाहेर बाकावर वडिलांनी मला दुसरी गोष्ट सांगितली. धाकट्या मुलीचं जमत आलं होतं. मुलाकडचे शेजारच्याच गावचे. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि त्यांनी 'थोडं थांबू' असा निरोप पाठवला होता. "मोठीनं औषध घेतलं म्हटलं की लोक घराकडेच पाहतात, बाई," ते म्हणाले. "पोरींचं वळणच तसं असन, असं म्हणतात." त्यांच्या आवाजात राग नव्हता. गारपिटीची बातमी सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं.

मी घरी आले ती अध्यक्षांच्या फाटकावरून. पाण्याबद्दल त्यांच्याशी बोलायचं होतं. ते प्लॉटवर लिंबाच्या झाडाखाली ड्रम आडवा करून त्याच्या बुडाकडे पाहत होते.

"पाहा ना ताई," ते म्हणाले, "नवा ड्रम, अन् गळून राहिला. परवा झाडायवर मारायले औषध भिजवलं. आधी औषध टाकलं, मग वरून नळी सोडली. ड्रम भरत आला होता, तेवढ्यात पाणी गेलं. मी चहा प्यायले आत गेलो. येऊन पाहतो तर ड्रम निम्म्यावर. खालची जमीन कोरडी ठणठणीत. गेलं कुठं म्हणतो मी?"

"नळी कुठे होती?"

"ड्रममध्येच होती. बुडापर्यंत सोडतो मी, नाही तर फेस येते."

मला अजून काही नीट कळलं नव्हतं, फक्त 'परवा' हा शब्द डोक्यात राहिला. ती परवाच प्यायली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी बंद झाल्यावर मी अंगणातल्या नळाजवळ उभी राहिले. नळ उघडाच ठेवला. धार बारीक होत थांबली. मग आत सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला. मी तोटीला तळहात लावला. नळानं तळहात ओढून घेतला. कातडी आत खेचली गेली आणि हात काढला तेव्हा तिथे गोल वळ उठला होता.

मग मला सगळं दिसलं. वर व्हॉल्व बंद झाला की पाइपात नवीन पाणी येत नाही, पण खालच्या नळातून आतलं पाणी निघून जात राहतं. पाइप रिकामा होताना वरच्या नळांतून ओढ घेतो. नळ उघडा असेल तर हवा ओढेल. त्या नळाला लावलेली नळी कूलरच्या पाण्यात बुडलेली असेल तर कूलर ओढेल, ड्रममध्ये बुडलेली असेल तर ड्रम. पाणी चढत नव्हतं, अध्यक्षांचं बरोबर होतं. ते वरच्या घरांतून खालच्या घरांकडे उतरतच होतं. आणि शेवटच्या घरी येणारी ती करंगळीएवढी धार म्हणजे सगळ्या गल्लीचं बुडालेलं, सांडलेलं, भिजवलेलं जे असेल ते. महिनाभर पाण्याला काही ना काही वास येतच होता. त्या सकाळी आणखी एक वास आला तेव्हा तिला तो वेगळा वाटला नाही.

मी अध्यक्षांकडे गेले आणि हे जमेल तसं सांगितलं. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग कठोर.

"म्हणजे मी विष पाजलं तिले?"

"मी तसं म्हणत नाही."

"तसंच म्हणून राहिल्या तुम्ही. नोकरीले लागलो तेव्हापासून प्रेशरच्या लायनी सांभाळल्या मी. तुम्ही टेलिफोनवाल्या मले पाइप शिकवता?" त्यांची बायको, मी वहिनी म्हणायचे त्यांना, दारात येऊन उभी राहिली. अध्यक्ष आणखी चढ्या आवाजात म्हणाले, "पोरीनं नवऱ्याशी भांडून काही घेतलं, ते झाकायले माझा ड्रम सापडला काय?"

"मग पाहू या ना," मी म्हटलं. "ड्रममध्ये नीळ टाकू. नळी तशीच ठेवू. व्हॉल्व बंद करू आणि खालचा नळ उघडा ठेवू. निळं नाही आलं तर मी सगळ्यांसमोर चुकले म्हणेन."

ते मला खोटं पाडण्यासाठी तयार झाले. माझी त्याला हरकत नव्हती.

मी घरोघर जाऊन सांगितलं की उद्या सकाळी पिण्याचं पाणी कुणी भरू नका. बहुतेकांनी का म्हणून विचारलं, थोड्यांना समजलं. सकाळी अध्यक्षांनी स्वतः ड्रम भरला, त्यात कपड्यांची नीळ मोकळ्या हातानं ओतली, नळी बुडापर्यंत सोडली आणि ड्रमजवळ खुर्ची टाकून बसले. मी आणि तिचा नवरा खाली तिच्या नळाशी. तो दवाखान्यातून सरळ आला होता, अंगात तेच कपडे. गल्लीतली काही माणसं दातून करत बघायला जमली. अध्यक्ष आणि मी मोबाइलवर बोलत होतो.

"व्हॉल्व बंद केला," ते म्हणाले.

खालच्या नळाची जाड धार मोडली, बारीक झाली. स्वच्छ पाणी. पांढऱ्या परातीत पडत होतं. मी पाहत होते, नवरा पाहत होता. काही होत नव्हतं. मागून कुणी तरी म्हणालं, "चला, कामं पडलीत घरी."

फोनवर अध्यक्षांचा श्वास ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "ताई."

"बोला."

"ड्रम उतरून राहिला."

फोन चालू होता. मागे वहिनींचा आवाज आला, "काय झालं जी? तोंड काहून असं केलं?"

परातीतलं पाणी आधी फक्त मळकट दिसलं, मग आकाशी, मग शाई सांडावी तसं गडद निळं. तिच्या नवऱ्यानं धारेखाली ओंजळ धरली. बोटं निळी झाली. तो तिथेच खाली बसला आणि ओंजळीकडे पाहत राहिला. "ती सांगत होती," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांगत होती ना जी. अन् मी पण रात्री एकदा विचारलं तिले, का वं, खरंच काही घेतलं का म्हणून."

मी फोनवर सांगितलं, "इथे निळं आलं."

"हो," अध्यक्ष म्हणाले, आणि फोन बंद केला.

ते रागावतील, नाकारतील, काही तरी खुसपट काढतील, असं मला वाटलं होतं. थोड्या वेळानं ते इस्त्रीचा शर्ट घालून गल्लीतून खाली आले. जमलेल्या माणसांनी वाट दिली. ते परातीपाशी थांबले, पाहिलं, आणि तिच्या नवऱ्याला म्हणाले, "चल गा बाबू. पोलिसायकडे जाऊ. जबाब द्यायचा आहे मले."

ठाण्यात मी बरोबर होते. हवालदाराला त्यांनी फवारणीच्या औषधाचं नाव सांगितलं, बाटली टेबलावर ठेवली, ड्रम, नळी, व्हॉल्व सगळं कागदावर रेघा ओढून दाखवलं. त्यांना ते समजावून सांगताना ऐकलं तेव्हा कळलं, त्यांना हे सगळं माहीतच होतं. बॉयलरच्या लायनीत पाणी उलटं येऊ नये म्हणून ठिकठिकाणी एकतर्फी व्हॉल्व असतात, ते तपासण्यात त्यांची उमर गेली होती. घरच्या लिंबाच्या झाडाखाली तेच होईल, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

दवाखान्यात ते तिच्या खाटेशी गेले. तिला तोवर बसता येत होतं. ते म्हणाले, "पोरी, तू खरं सांगत होती. माझ्या ड्रमचं औषध तुझ्या नळात आलं. माझी चूक आहे."

मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "बाबाले सांगा. त्यायच्यासमोर सांगा." वडील बाहेरून आले. अध्यक्षांनी पुन्हा सांगितलं, तेच शब्द. वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. मग मुलीच्या पायाशी खाटेवर बसले आणि तिच्या पावलावर हात ठेवून राहिले. डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचं नाव लिहून घेतलं. तिला म्हणाल्या, "सॉरी, तुझं ऐकायला हवं होतं." तिनं नुसती मान हलवली.

धाकटीच्या सोयरिकीचं अध्यक्षांना कळलं ते वडिलांकडून नाही, माझ्याकडून. पुढल्या आठवड्यात त्यांनी वहिनींना आणि मला गाडीत बसवलं आणि आम्ही सावनेरच्या पलीकडे त्या मुलाकडच्यांच्या गावी गेलो. त्यांनी ओसरीवर सतरंजी टाकली, चहा दिला. अध्यक्षांनी सगळं सांगितलं. रस्त्यानं त्यांनी शब्द जुळवून ठेवले असावेत, पण ते मधेच अडकले, मग वहिनींनी पुढे सांगितलं. मुलाच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. "असं होऊ शकते," ते म्हणाले. "होते अशी गोष्ट." मग गावातल्या पाण्याविषयी बोलले. निघताना म्हणाले, "पाहू."

ते पुढे जमलं नाही. त्यांनी कारण दिलं नाही. त्या दिवशी परतीच्या वाटेवर अध्यक्ष एवढंच म्हणाले, "त्यायले पटलं होतं ना, ताई? पटल्यासारखं वाटलं मले." वहिनी खिडकीबाहेर पाहत होत्या. मी म्हटलं, पटलं असावं. पटणं आणि करणं वेगळं.

लेआउटमध्ये नंतर जे झालं ते कामाचं झालं. प्रत्येक घराच्या जोडणीवर एकतर्फी व्हॉल्व बसवला, म्हणजे पाणी घरात जाईल पण घरातून मुख्य पाइपात येणार नाही. नळी कूलरमध्ये, ड्रममध्ये, टाक्यात बुडवायची नाही, काठाच्या वीतभर वरूनच पाणी सोडायचं, असा नियम केला. नियम सांगणं सोपं होतं. पहिल्या उन्हाळ्यात लोकांनी पाळला, कारण ती निळी परात त्यांनी पाहिली होती. दुसऱ्या उन्हाळ्यात मला कूलरांमधल्या नळ्या बाहेर काढत फिरावं लागलं. "काकू, दोन मिनिटांसाठी सोडली होती," असं प्रत्येक घरी ऐकलं. ज्या गल्लीत एक माणूस मरता मरता वाचलं त्या गल्लीत हे.

अध्यक्षांनी पद सोडलं. फवारणी बंद केली. संत्र्याची झाडं किडीनं काळी पडली आणि त्यांनी ती पडू दिली. आमचं बोलणं कामापुरतं उरलं. ते माझ्यावर रागावले होते असं मला वाटत नाही. मला पाहिलं की त्यांना काही तरी आठवायचं, इतकंच.

ती महिनाभर माहेरी राहून परत आली. चालताना दम लागायचा, तो पुढे गेला. माझ्याकडे येत राहिली, पण तिच्या घरचं पिण्याचं पाणी नवरा टेम्पोतून कॅनमध्ये आणायचा. गल्लीतल्या बायका तिच्याशी जरा जास्तच गोड बोलायच्या. एकदा हळदीकुंकवाच्या वेळी स्वयंपाकघरात कुणी तरी कुजबुजलं की निळीचं नाटक सगळं त्या बुढ्यानं पोरीची अब्रू वाचवायला केलं, पोरीनं घेतलंच होतं. ती बाहेर विड्याची पानं मांडत होती. तिनं ऐकलं. हातातलं पान खाली ठेवलं, नीट सरळ केलं, पुढचं घेतलं. घरी जाताना मला म्हणाली, "काकू, पाणी निळं आलं होतं ना? तुम्ही पाह्यलं ना डोळ्यानं?"

"पाहिलं."

"झालं तर मग."

वर्षभरानं त्यांनी दुसरीकडे घर घेतलं, नवऱ्याच्या कामाला जवळ पडेल असं. आमच्याकडे पुढे शहराची पाइपलाइन आली, उंच टाकी रिकामी झाली, तिच्यावर आता कबुतरं बसतात.

मधे इतवारीत भांड्यांच्या गल्लीत ती दिसली. कडेवर लहान मूल, बरोबर एक शेजारीण. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, काटोलकडचं स्थळ, तिच्यासाठी पितळेची परात आणि डबे घ्यायला आली होती. हातगाड्यांच्या गर्दीत आम्ही दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिलो. तब्येतीचं विचारलं, मुलाचं विचारलं. शेजारीण माझ्याकडे पाहत होती, म्हणून तिनं ओळख करून दिली.

"ह्या काकू. आधी आम्ही ह्यायच्या गल्लीत राहत होतो. चांगली गल्ली होती."

मग दुकानदारानं परात वाजवून दाखवली आणि ती भाव करायला वळली.